बलुत्याचे दोन हिशेब : विषमतेचे समाजशास्त्र आणि निवेदकाची जागा

१

विषमतेचा अभ्यास समाजशास्त्राने करावा आणि विषमतेचा अनुभव साहित्याने सांगावा, अशी एक सोयीची वाटणी मराठी समीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. या वाटणीनुसार समाजशास्त्रज्ञ माहिती गोळा करतो, तिचे वर्गीकरण करतो, कारणपरंपरा शोधतो; लेखक मात्र भोगलेले सांगतो. त्याचे सांगणे समीक्षकाच्या कलाविषयक अपेक्षांत बसले नाही, तर त्या पुस्तकाला ‘समाजशास्त्रीय दस्तऐवज’ म्हटले जाते. दलित आत्मकथनांच्या वाट्याला हे विशेषण वारंवार आले आहे. वरकरणी तो गौरव वाटतो. परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ असा होतो की, पुस्तकातील माहिती समाजशास्त्राच्या उपयोगाची आहे आणि तिच्या मांडणीविषयी साहित्यसमीक्षेने फारसे बोलण्याचे कारण नाही. समाजशास्त्र या माहितीला ‘व्यक्तिगत अनुभव’ म्हणून बाजूला ठेवते, आणि पुस्तक दोन्ही घरांच्या उंबरठ्याबाहेर राहते.

प्रस्तुत लेखात ही वाटणी तपासून पाहावयाची आहे. दारिद्र्य ही एक स्थिती आहे. विषमता हा एक संबंध आहे. एखादे कुटुंब किती दरिद्री आहे हे त्या कुटुंबाकडे पाहून सांगता येते, परंतु विषमता सांगावयाची तर किमान दोन पक्ष लागतात, आणि त्यांच्यातील देवघेव सांगावी लागते. देवघेव कोणत्या टोकावरून सांगितली जाते, यावर तिच्यातील काय दिसते आणि काय झाकले जाते हे अवलंबून असते. म्हणून विषमतेच्या कोणत्याही वर्णनात निवेदकाची जागा हा पुराव्याचाच एक भाग असतो. हे मान्य केले तर निवेदनाचे विश्लेषण करणे हे समाजशास्त्रालाही चुकवता येणार नाही, आणि साहित्यसमीक्षेला ‘दस्तऐवज’ या शब्दामागे दडता येणार नाही.

हे प्रतिपादन केवळ तत्त्वाच्या पातळीवर करण्याऐवजी एका शब्दाच्या आधारे करणे अधिक उपयुक्त ठरेल. तो शब्द म्हणजे ‘बलुते’. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात हा शब्द गावाच्या अर्थव्यवहारातील एक बाब म्हणून येतो; दया पवार यांच्या आत्मकथनात (१९७८) तो ‘बलुतं’ असा ग्रंथाचे नाव होऊन येतो. दोन्ही पुस्तकांत सांगितलेली व्यवस्था एकच आहे. हिशेब मात्र दोन आहेत.

२

बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल कारू-नारूंना सुगीच्या वेळी मिळणारा धान्याचा वाटा. बारा बलुतेदारांच्या याद्या ठिकाणपरत्वे बदलतात, परंतु त्यांची थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळींत किंवा कासांत केलेली मांडणी बहुतेक ठिकाणी आढळते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) दिलेली यादी या दृष्टीने उद्बोधक आहे. तीत थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार आणि मांग आहेत. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी. आणि धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव आणि कोळी. ओळ जितकी थोरली तितका वाटा मोठा, असा हा क्रम आहे.

या यादीकडे क्षणभर थांबून पाहिले पाहिजे. गावाच्या सीमेबाहेर ज्यांना वस्ती करावी लागे त्या महार-मांगांचा धान्यातील हक्क थोरल्या ओळीचा, आणि धार्मिक प्रतिष्ठेत सर्वांच्या वर असलेल्या भटाचा हक्क धाकट्या ओळीचा. केवळ धान्याच्या मापाने विषमता मोजणाऱ्या अभ्यासकाला येथे उतरंड उलटी दिसेल. मॅक्स वेबरने वर्ग आणि सामाजिक दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, त्या भेदाचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे अवघड आहे. परंतु भेद दाखवून थांबणे पुरेसे नाही. महाराचा वाटा मोठा होता, कारण त्याच्यावरील कामाला सीमा नव्हती: गावाची राखण, शिवेच्या तंट्यातील साक्ष, सरकारी वसूल पोहोचवणे, निरोप नेणे, मेलेली जनावरे ओढणे. वाट्याचे माप ठरलेले होते, कामाचे माप ठरलेले नव्हते. विषमतेचे खरे स्थान वाट्याच्या आकारात नसून या दोन मापांमधील अंतरात आहे.

या संबंधाचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. विल्यम वायझर यांनी १९३६ मध्ये उत्तर भारतातील यजमानी पद्धतीचे वर्णन केले, तेव्हा तिच्यातील परस्परावलंबनावर भर दिला. पुढे बायडलमन यांनी १९५९ मध्ये त्याच पद्धतीतील शोषणाकडे लक्ष वेधले. महाराष्ट्रातील बलुतेदारीविषयी हिरोशी फुकाझावा यांनी दाखविलेला फरक या वादाला वेगळे वळण देतो. त्यांच्या मते येथील बलुतेदार हा एखाद्या कुटुंबाचा सेवक नसून संपूर्ण गावाचा वतनदार सेवक होता. म्हणजेच अमुक एका यजमानाशी असलेले नाते तोडून दुसरा यजमान शोधणे, ही निसटण्याची वाटही त्याला नव्हती. समोरचा पक्ष एक माणूस नसून गाव होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे नेमके दिसले होते. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. हाडकी-हाडवळ्याची जमीन आणि बलुत्याचा हक्क यांच्या मोहापायी महार गावाला बांधला जातो आणि त्या बदल्यात त्याच्या श्रमावरील त्याचाच अधिकार नाहीसा होतो, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा मुंबई राज्याने केला तो १९५८ मध्ये, आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर.

३

आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा मराठीतील ग्रामसमाजाच्या अभ्यासाचा पाया मानला जातो आणि ते योग्यच आहे. महसूल खात्यातील नोकरीमुळे आत्र्यांना गाव आतून पाहता आले. त्यांची माहिती पुस्तकी नाही. वतने, गावकीची कामे, कारू-नारूंचे हक्क, भिक्षुक आणि फिरस्ते यांची वर्दळ, सावकार आणि दुकानदार, सण आणि उत्सव, यांचे तपशील ते अशा भरघोसपणे देतात की त्या काळचे गाव वाचकासमोर उभे राहते. त्यांची भाषाही कोरडी नाही. गावातील बोलीचे शब्द, म्हणी, उपरोध यांनी ती जिवंत झाली आहे. ‘गावगाडा’ हे वाङ्मय म्हणून वाचले गेले नाही, ही साहित्यसमीक्षेची उणीव म्हणावी लागेल.

परंतु या भरघोस तपशिलाला एक केंद्र आहे, आणि ते केंद्र म्हणजे कुणब्याचे खळे. पीक खळ्यात आले की कोण कोण तेथे जमतो, कोण हक्काने नेतो, कोण मागून नेतो, कोण दडपून नेतो, हे आत्रे पाहतात. सर्वांना देऊन कुणब्याच्या पदरात काय उरते, हा त्यांचा प्रश्न आहे. वंशपरंपरेने मिळालेल्या मक्तेदारीमुळे कारूंना चोख काम करण्याची गरज वाटत नाही आणि कुणब्याला मात्र देणे चुकत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. व्यवस्थेच्या अकार्यक्षमतेवरील ही टीका आपल्या काळात धाडसाची होती. गावगाड्याविषयी भाबडा उमाळा तीत नाही. गाव म्हणजे सुखी स्वयंपूर्ण प्रजासत्ताक, अशी जी कल्पना एकोणिसाव्या शतकातील काही इंग्रज अंमलदारांनी रूढ केली, तिला या ग्रंथाने परस्पर उत्तर दिले.

तरीही हिशेब खळ्याच्या मधोमध बसून मांडलेला आहे. तेथून पाहिले की बलुते हे खर्चाच्या बाजूला पडते. बलुतेदार येतो तो घेण्यासाठी. तो वर्षभर काय करीत होता, ते कर्तव्यांच्या यादीत नोंदले जाते. खळ्यावर तो कसा उभा राहतो, किती वेळ उभा राहतो, वाटा पदरात पडताना काय ऐकून घेतो, याची नोंद होत नाही. आत्र्यांच्या सहानुभूतीचा हा अभाव मानणे अन्यायाचे होईल. जी जागा त्यांनी निवडली, किंवा त्यांच्या सामाजिक स्थानाने त्यांच्यासाठी निवडली, त्या जागेवरून हे दिसणे शक्य नव्हते. सर्वज्ञ वाटणाऱ्या तृतीयपुरुषी निवेदनालाही बसण्याची एक जागा असते, हा कादंबरीच्या समीक्षेला परिचित असलेला मुद्दा ग्रामवर्णनालाही तितकाच लागू आहे.

४

आत्र्यांनंतर दख्खनमधील ग्रामाभ्यास संख्येच्या दिशेने गेला. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत जमिनीचे तुकडे, कर्ज आणि कुटुंबांचे उत्पन्न यांचे मोजमाप होते. याच परंपरेचा देशव्यापी विस्तार म्हणजे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील १९७१ मधील अभ्यास. दरडोई रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही किमान पातळी धरून, १९६०–६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि नागरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक त्या पातळीखाली आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नियोजनाच्या चर्चेत हा निष्कर्ष खळबळजनक ठरला.

साहित्याच्या अभ्यासकांनी अशा आकड्यांविषयी तुच्छता दाखविण्याची एक पद्धत आहे. ती टाळली पाहिजे. किती माणसे, हा प्रश्न नैतिकदृष्ट्या दुय्यम नाही आणि कोणतेही आत्मकथन त्याचे उत्तर देऊ शकत नाही. परंतु या आकड्यांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. उष्मांकाची रेषा प्रत्येक माणसाला रेषेच्या संदर्भात मोजते, दुसऱ्या माणसाच्या संदर्भात नाही. रेषेखालील भूमिहीन महार आणि रेषेखालील कोरडवाहू कुणबी त्या आकड्यात एकाच रकान्यात येतात. त्यांतील एक दुसऱ्याच्या दारी उभा असतो, ही गोष्ट रकान्यात बसत नाही. आंबेडकरांनी जातीची विषमता ही श्रेणीबद्ध विषमता आहे असे म्हटले, तेव्हा त्यांचा रोख याच बाबीवर होता. येथे वरचे आणि खालचे असे दोनच पक्ष नाहीत. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे, म्हणून प्रत्येकाला ही उतरंड टिकविण्यात थोडासा लाभ दिसतो. अशी विषमता सांगण्यासाठी संख्येबरोबर प्रसंग लागतो, आणि प्रसंग सांगण्यासाठी निवेदक लागतो.

५

दया पवारांच्या पुस्तकात हाच हिशेब खळ्याच्या दुसऱ्या बाजूने मांडला गेला. अकोले तालुक्यातील धामणगाव आणि मुंबईतील कावाखाना या दोन ठिकाणांमध्ये हे कथन फिरते. महारांच्या गावकीच्या कामांची यादी येथेही आहे, आणि ती आत्र्यांच्या यादीपासून फारशी वेगळी नाही. वेगळे आहे ते यादीचे व्याकरण. आत्र्यांच्या यादीतील काम हे नाम आहे. पवारांच्या यादीत ते क्रियापद होते, त्याला वेळ येतो, थकवा येतो, आणि रात्री-अपरात्री ते संपत नाही हे कळते. बलुते मागायला गेल्यावर देणाऱ्याच्या तोंडची कुरकूर ऐकू येते. आत्र्यांच्या हिशेबात जो हक्क होता, तो घेणाऱ्याच्या कानाला भिकेसारखा ऐकू येतो. हक्क आणि भीक यांतील फरक धान्याच्या मापात नसतो, देण्याच्या रीतीत असतो. विषमतेच्या समाजशास्त्रातील हा एक महत्त्वाचा सिद्धान्त आहे आणि तो येथे सिद्धान्ताच्या भाषेत मांडलेला नाही म्हणून त्याचे मोल उणे होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट निवेदनाच्या रचनेत आहे. या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच. एक गावकुसाबाहेर वाढलेला, दुसरा शिकून नागर, पांढरपेशा जगात आलेला. ही युक्ती अनेकदा आत्मकथनाला अवघडलेपणातून सोडविणारी तांत्रिक सोय म्हणून उल्लेखिली जाते. ती तेवढीच नाही. शिक्षण आणि नोकरी यांनी माणूस वर जातो, असे सामाजिक गतिशीलतेचा अभ्यास सांगतो आणि ते खरे आहे. परंतु वर गेलेल्या माणसाच्या आत ती दोन स्थाने एकमेकांसमोर उभीच राहतात. एकाला दुसऱ्याची लाज वाटते, दुसऱ्याला पहिल्याचा संशय येतो. बाहेरच्या समाजातील विषम संबंध एका व्यक्तीच्या अंतरंगात चालू राहतो, हे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे, आणि ते दगडू-दया या द्विदल रचनेतून झालेले आहे. ही रचना काढून केवळ माहिती उचलली तर प्रतिपादनच हातून निसटते. ‘दस्तऐवज’ म्हणून केलेले वाचन अपुरे ठरते ते येथे. त्यात समाजशास्त्र कमी पडते, केवळ साहित्य नव्हे.

६

आत्र्यांच्या गावात आणखी एक वर्ग आहे: फिरस्ते. गावात त्यांना वतन नाही, हक्काचा वाटा नाही. ते येतात आणि जातात. स्थिर गावाच्या नजरेने ते उपद्रव ठरतात. यांपैकी कित्येक जमातींवर १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला गेला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र इतक्या सहजासहजी पुसला गेला नाही. या प्रकरणालाही मराठीत दुसऱ्या बाजूने उत्तर मिळाले: लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७).

ही पुस्तके ‘बलुतं’च्या मालिकेतील पुढची पुस्तके म्हणून वाचली जातात, परंतु त्यांचा हिशेब वेगळा आहे हे नजरेआड होऊ नये. महाराला गावात अपमानास्पद का होईना, जागा होती. गाढवांवर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्या कैकाड्याला गावाच्या उतरंडीत तळाचीही पायरी नव्हती. ‘उपरा’ हे शीर्षक म्हणूनच ‘बलुतं’च्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे. एक शब्द वाट्याचा आहे, दुसरा वाट्यातून वगळले जाण्याचा. शोषण आणि वर्जन या विषमतेच्या दोन वेगळ्या रीती आहेत, आणि मराठी आत्मकथनांनी हा भेद शीर्षकांतच नोंदवून ठेवला आहे.

उतरंड घराच्या दारापाशी संपत नाही, हे बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या पुस्तकाने दाखविले. कुटुंब हे पाहणीचे एकक मानले की घरातील वाटणी अदृश्य होते. कांबळे यांनी महारवाड्यातील सुनांचे हाल, त्यांची उपासमार आणि त्यांना होणारी मारहाण निःसंकोचपणे सांगितली आणि गावाच्या जुलमावरील रोषही तितकाच धारदार ठेवला. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात साक्ष म्हणून पाहिले आणि जात व लिंगभाव यांच्या अभ्यासात त्यांना ज्ञानाच्या स्रोताचा दर्जा दिला. समाजशास्त्राने टाकलेले हे पाऊल साहित्यसमीक्षेला विचार करायला लावणारे आहे.

७

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल. निवेदकाची जागा इतकी निर्णायक मानली, तर भोगणाऱ्याचे सांगणे अंतिम ठरते आणि त्याची तपासणी करण्याचा अधिकारच उरत नाही. हा धोका खरा आहे. ‘अनुभवाची अस्सलता’ हा मराठी समीक्षेतील परवलीचा शब्द अनेकदा तपासणी टाळण्यासाठीच वापरला गेला. परंतु प्रस्तुत लेखाचा निष्कर्ष याच्या उलट आहे. जागा ओळखणे म्हणजे तिला शरण जाणे नव्हे. पवारांच्या कथनालाही सीमा आहेत. बेबी कांबळे यांचे पुस्तक शेजारी ठेवले की पुरुष निवेदकाला घरातील काय दिसले नाही हे कळते, जसे पवारांचे पुस्तक शेजारी ठेवल्यावर आत्र्यांना खळ्यावरील काय दिसले नाही हे कळले. एका हिशेबाने दुसरा तपासायचा आणि कोणताही हिशेब जागेवाचून लिहिलेला मानायचा नाही, एवढेच येथे सुचवायचे आहे.

अखेरीस ज्या विशेषणापासून आरंभ केला त्याकडे वळणे भाग आहे. कलाकृती वरच्या ओळीत, दस्तऐवज खालच्या ओळीत. पहिलीला रसग्रहण, दुसऱ्याला सहानुभूती: ही मांडणी स्वतःच एक उतरंड आहे. तिच्यातही काम एकाचे आणि मान दुसऱ्याचा असा प्रकार घडतो. दलित लेखकाने अनुभवाची सामग्री आणून द्यावी आणि तिचा अर्थ अन्य कोणी लावावा, ही बौद्धिक क्षेत्रातील बलुतेदारीच होय. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या समीक्षेने ती आपल्या वर्गीकरणात चालू ठेवावी यात विसंगती आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘गावगाडा’ मराठी गद्याच्या पत्रिकेत आणि ‘बलुतं’ ग्रामसमाजाच्या पत्रिकेत नेमून पाहावे. पहिल्याची शैली आणि दुसऱ्याचा सिद्धान्त यांवर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारावेत. त्या प्रश्नांची उत्तरे लिहिताना कोणत्या शास्त्राची परिभाषा अपुरी पडते, ते तेव्हा उघड होईल.